तूट

बत्तीस वर्षं मी दारू सांडल्याचं लिहीत आलो.
समक्ष पंच, काळ्या गुळाचं रसायन अंदाजे दोनशे लिटर,
पत्र्याचे डबे सहा, नवसागर एक पुडी,
मुद्देमाल नाशवंत असल्याने जागीच ओतून नष्ट केला.
नमुन्यापुरती एक बाटली, तिला लाख, तिच्यावर सही.
वास मात्र कागदावर कधी घेता आला नाही,
तो शर्टातून घरी यायचा
आणि बायको म्हणायची, आंघोळ करा आधी.

आता मरोळ गावठाणात, क्रुसामागच्या घरात,
बेनडिक्ट किणीच्या मागल्या पडवीत
मी स्टुलावर बसतो, गुन्ह्यापासून दीड हातावर.

बेनडिक्ट फिटर. कंप्रेसरच्या कारखान्यात हयात गेली,
तिथं आता काचेची इमारत आहे.
तांब्याचं वेटोळं त्यानं स्वतः वळवलं,
आत वाळू भरून, म्हणजे नळी पिचकत नाही,
हे सांगताना असा हसतो
जसे कुणी मुलीचे मार्क सांगावेत.
भांडं फिलूचं, सोरपोतेलचं. ती गेल्यावर
त्यात दुसरं काही शिजवणं त्याला जमलं नाही.
जांभळं आंबवायची वर्षातून एकदाच.
विकायची नाही, सणालाही काढायची नाही.
"मग कशाला?" मी विचारलं होतं, चौकशीच्याच सुरात.
"चुरी," तो म्हणाला, "तू बुद्धिबळ कशाला खेळतो?"

थेंब येतो.
मग बराच वेळ येत नाही.
आपल्याकडे अस्सल माणसाला म्हणतात पहिल्या धारेचा.
बेनडिक्ट पहिली धार वाटीत धरतो
आणि मोरीत ओततो, मागं न बघता.
"ही डोळे नेते."
शेवटचीही ओततो, तिला ओल्या कुत्र्याचा वास येतो.
ठेवतो ती मधली,
जिच्या नावानं भाषेत एक म्हण नाही.

मेट्रोच्या कामात नाक्यावरचा फणस पडला.
तुकडे ट्रकवर चढण्याआधी
त्यानं मुकादमाला चहा पाजून हातभर ओंडका सोडवला,
दोन वर्षं जिन्याखाली वाळवला,
चिपा काढल्या, गॅसवर शेकल्या पापडासारख्या,
आणि काचेच्या बरणीत, मधल्या धारेत, बुडवल्या.
बुचाचं झाकण. चिकटपट्टीवर पेनानं:
उघडावी, जनेलच्या लग्नात.

जनेल हॅलिफॅक्सला असते.
मागच्या नाताळात फोनवर म्हणाली,
ग्रँपा, मी लग्न करणार नाहीये. कुणाशीच.
ओके बाय, तो म्हणाला, जेवलीस का?
चिकटपट्टी तशीच आहे.

तेव्हापासून वही माझ्याकडे.
आरंभीचा साठा, हजर साठा, तूट, कारण.
हात जुना, रकाने आपोआप पडतात.
एक तारखेला बरणीवर पेन्सिलची खूण:
सात वर्षांत पावणेतीन बोटं.
कोरड्या मुलखात म्हणे आधी पाणी उडतं
आणि उरलेलं अधिकच कडक होत जातं.
इथं उलटं.
मुंबईच्या दमट हवेत आधी जातो तो कडकपणा,
पाणी मागे राहतं, रंग राहतो,
फणसाचं काहीतरी राहतं,
गरा नाही, चीक नाही,
करवत लागली त्या दिवसाचा पिवळेपणा.

परवा, ना सण ना लग्न, मंगळवार,
त्यानं बूच काढलं. दोन चमचे. एक मला.
जिभेवर धरला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
मुद्देमाल आतून पाहिला.
"काय?"
माझ्याजवळ शब्द होते ते सगळे पंचनाम्याचे,
रंग तांबूस, वास उग्र, अंदाजे.
उग्र नव्हता.
"अजून एक वर्ष," मी म्हटलं.
तो केवढा खूश झाला. सत्त्याहत्तरावं चालू आहे त्याला.

घरी येऊन वही उघडली.
तूट: चमचे दोन.
कारणाच्या रकान्यात पेन टेकवलं
तेवढ्यात बायको जवळून गेली, थांबली,
माझ्या खांद्याशी नाक आणून म्हणाली,
फणस आणलात की काय?

रकाना अजून कोराच आहे.